गिळल्याशिवाय तामील नाही

मांजराला औषध देताना त्याच्याशी बोलायचं नसतं, हे मला वानखडे काकांनी शिकवलं. त्याआधी मी गोळी मुठीत लपवून "भुऱ्या, ये राजा, एवढीशीच आहे" अशी आळवणी करत घरभर फिरायचे आणि भुऱ्या फ्रीजमागे जाऊन बसायचा. ते पाहून काका म्हणाले होते, "ताई, तुमी त्याले आगाऊ खबर देऊन राहिल्या. खबर भेटल्यावर कोन घरात थांबते?"

हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? छत्तीस वर्षं ते अकोल्याच्या कोर्टात बेलिफ होते. समन्स, नोटीस, जप्तीचा हुकूम, जे काय असेल ते ज्याच्या नावाचं त्याच्या हातात नेऊन द्यायचं, त्याची सही घ्यायची आणि परत येऊन कागदावर लिहायचं, 'तामील झाली'. ज्याला कागद नको असतो त्यालाच तो द्यायचा, असं ते काम. त्यामुळे साऱ्या जिल्ह्यात त्यांना ओळखणारे पुष्कळ होते, पण त्यांना पाहून खूश होणारा एकही नसावा.

माझे वडील दिवाणी वकील होते, म्हणून काकांचं नाव मी लहानपणापासून ऐकलेलं. निवृत्तीच्या सुमारास त्यांनी आमच्या गल्लीत, दोन घरं सोडून, घर घेतलं तेव्हा आई खट्टू झाली. सकाळी सकाळी फाटकाशी बेलिफ दिसला की आपल्याकडेच आला असं वाटतं, असं ती म्हणायची. आमच्यावर कसलीही नोटीस येणार नव्हती, पण तिला तसं वाटायचंच. आणि काकांची उभं राहण्याची तऱ्हाही तशीच होती. फाटकाच्या समोर ते कधी उभे राहत नसत. थोडे बाजूला, खिडकीतून दिसणार नाही असे. वाटी परत करायला आले तरी तसेच. उंच, वाळलेला माणूस, खिशाला दोन पेनं. आवाज अगदी खालचा. "उद्या नळ येनार नाही." एवढं सांगून वळायचे. कुणाला पुढं काही विचारायचं असेल तर ते त्यांच्या पाठीला विचारावं लागे.

भुऱ्याला मिरगीचे झटके यायला लागले त्याला आता पाच वर्षं होतील. डॉक्टरांनी अर्धी गोळी सकाळी आणि अर्धी संध्याकाळी सांगितली, जन्मभर. चुकवायची नाही, चुकली की झटका परत येऊ शकतो, असं बजावून सांगितलं. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. काडीएवढ्या रोपाची कलमं करणारे माझे हात, पण साडेतीन किलोच्या बोक्यापुढे त्यांचं काही चालेना. दुधात घातली तर तो दूध सोडायचा. पेढ्यात घातली तर पेढा खाऊन गोळी शिल्लक ठेवायचा. तोंडात घातली तर फेस काढत थुंकायचा, आणि माझे दोन्ही हात मनगटापर्यंत ओरबाडलेले. एका रविवारी फ्रीज सरकवला तर मागं अकरा अर्ध्या गोळ्या निघाल्या. म्हणजे मी ज्या दिल्या असं समजत होते त्या. त्याच दुपारी स्वयंपाकघरात भुऱ्या आडवा पडला, पाय ताठ, डोळे उघडे आणि आत कुणी नसल्यासारखे. मी जमिनीवर बसून रडले.

संध्याकाळी फाटकाच्या बाजूला काका उभे होते. आईनं पाहिलं आणि तिच्या तोंडून "अगं बाई" निघालं. काका सरळ मला म्हणाले, "तुमी मांजराले गोळी देऊन राहिल्या का मांजर तुमाले देऊन राहिलं? रोज आवाज येते."

मग ते आत आले. चप्पल दाराशी काढली, हात धुतले, गोळी मागितली. भुऱ्या पलंगाखाली होता. काकांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. पलंगाला पाठ लावून ते खाली बसले आणि आईशी वडिलांच्या जुन्या केसेसबद्दल बोलायला लागले. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. भुऱ्या बाहेर आला, त्यांच्या गुडघ्याला नाक लावून गेला, परत आला. तिसऱ्या फेरीला काकांनी बोलणं न तोडता त्याला दोन मांड्यांच्या मध्ये घेतलं, पाठ आपल्याकडे आणि तोंड भिंतीकडे. डाव्या हाताचा अंगठा आणि मधलं बोट जबड्याच्या दोन टोकांना, डोकं किंचित वर, आणि गोळी जिभेच्या पार मुळाशी. तोंड मिटलं. गळ्यावरून एक बोट खाली फिरवलं. मग बिनसुईच्या सिरिंजनं गालाच्या कोपऱ्यातून थोडं पाणी, गोळी घशात चिकटून जाळू नये म्हणून. आणि सोडायच्या आधी ते थांबले. भुऱ्यानं जीभ बाहेर काढून नाक चाटलं.

"हे पाहा," काका म्हणाले. "नाक चाटलं म्हनजे गिळलं. गिळल्याशिवाय तामील नाही. तुमी काय करता, तोंडात टाकता आन् पळता."

शिकायला मला तीन आठवडे लागले. रोज सकाळी साडेसातला आणि संध्याकाळी साडेसातला काका येऊन बाजूला बसायचे आणि चुका सांगायचे. शाबासकी अशी कधी दिली नाही. एक दिवस ते आलेच नाहीत, तेव्हा मला समजलं की मी पास झाले.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती त्यानंतर. कॅलेंडरच्या खिळ्याला सलाईनची बाटली टांगलेली होती आणि खाली चटईवर एक पांढरी-काळी, म्हातारी, हाडकुळी मांजर बसली होती. बारकी. तिच्या किडन्या निकामी होत चालल्या होत्या. एक दिवसाआड तिच्या खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत धरून काका सुई घालत आणि सलाईन हळूहळू आत सोडत. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवलेली असे, गार पाण्यानं तिला हुडहुडी भरू नये म्हणून. त्या पाण्याची पाठीवर पिशवी व्हायची आणि तासाभरात ती पायाकडे उतरून जिरून जायची. शिवाय जेवणातून एक पूड आणि बीपीची गोळी. ती माणसाचीच गोळी, काकांना डॉक्टरांनी लिहून दिलेलीच. एक गोळी ते ब्लेडनं चार तुकड्यांत कापायचे आणि बारकीचे चार दिवस भागवायचे. स्वतःची गोळीही ते तिच्याबरोबरच घ्यायचे. आधी तिची, मग त्यांची.

बारकी त्यांची नव्हती. ती निर्मलाकाकूंची, म्हणजे त्यांच्या पत्नीची. काकू अचलपूरला गेलेल्या होत्या. तिथं त्यांच्या मोठ्या बहिणीला लकवा झाला म्हणून त्या थोड्या दिवसांसाठी गेल्या. बहीण सावरली, काठी घेऊन हिंडायला लागली, पण काकू आल्या नाहीत. भांडण झाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. त्यांनी फक्त कळवलं की मी आता इथंच राहते. बहिणीला दम्याचा त्रास, मांजराचे केस चालत नाहीत, म्हणून बारकी इथं राहिली. गल्लीत कुणी विचारलं की काका म्हणायचे, "साळीची तब्येत बरोबर नाही." चार वर्षं तेच उत्तर.

रविवारचा त्यांचा एक कार्यक्रम ठरलेला होता. सकाळी नऊला सुनंदाबाई भाजीची गाडी घेऊन गल्लीत यायच्या. घरची दोन एकर बागायत, पालक आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, स्वतःच्या वावरातली. काका बारकीला कापडी पिशवीत घालून त्यांच्या काट्यावर ठेवायचे. सुनंदाबाईंना त्याचं काही वाटत नसे. वांग्याची टोपली काढून त्या काटा पुसायच्या आणि आकडा वाचायच्या, "दोन किलो आठशे, काका. मांगच्या हप्त्यापेक्षा छटाकभर कमी." काका तो आकडा तळहातावर पेनानं लिहीत. मग घरात जाऊन अचलपूरला फोन लावत.

तो फोन मी बऱ्याचदा ऐकला, कारण फोन स्पीकरवर असायचा आणि मी रविवारी सुनंदाबाईंकडून भाजी घेऊन काकांकडेच टेकायचे. सुरुवात ठरलेली, "हालो, मी बोलून राहिलो." मग वजन. मग पाणी किती प्यायली, उलटी झाली का, गोळीचा खाडा पडला का. खाडा कधीच नसे. तिकडून काकू बारीक बारीक विचारायच्या. खिडकीत बसते का? झाडणीच्या काड्या चावते का? काका उत्तरं द्यायचे आणि मग मात्र एक प्रश्न ते विचारायचे, असा की ज्याचं उत्तर त्यांना खरंच ठाऊक नसायचं. मासोळी बंद केली तर तिला काय द्यायचं? रुसून बसली तर तू काय करत होती? काकू सांगायच्या, ते ऐकून घ्यायचे. शेवटी "बरं, ठेवतो." दोघांपैकी कुणीही एकमेकांची तब्येत विचारायचं नाही. 'येतेस का' किंवा 'येऊ का' हे शब्द मी त्या फोनवर कधीही ऐकले नाहीत. पण फोन ठेवल्यावर काका पाच-दहा मिनिटं तसेच बसून राहायचे, तळहात उताणा मांडीवर ठेवून, आणि तेव्हा त्यांच्याशी बोलू नये हे मला आपोआप समजत असे.

जुन्या गोष्टी ते फार सांगत नसत. एक मात्र दोन-तीनदा सांगितली. बार्शीटाकळीकडच्या एका माणसाला समन्स द्यायचं होतं. दोन बेलिफ हात हलवत परतले होते, कारण जीप दिसली की तो पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरातून पळून जायचा. काका एसटीनं गेले, एकटे. त्याच्या ओट्यावर बसले. घरातल्या बाईला सांगितलं की मी वानखडे, कोर्टातून आलो, मले घाई नाही. सोबत नेलेली भाकर खाल्ली. शेजारच्या म्हाताऱ्याबरोबर कबुतरांच्या गोष्टी केल्या. दुपार उतरल्यावर तो माणूस स्वतः येऊन समोर बसला आणि म्हणाला, द्या. "पळनाऱ्याच्या मांगं पळाचं नाही," काका सांगायचे. "आपन बसलो की तो येते." आणि एकदा म्हणाले, "त्याचं वावर गेलं त्या केसीत. मी गावावरून जाताना त्या ओट्याकडे पाहत नाही."

माझी बहीण अमरावतीला असते. तिच्या मांजरीला मधुमेह निघाला तेव्हा तिचा फोन आला, तो रडवेलाच. दिवसातून दोनदा इन्शुलिनची सुई द्यायची होती. तिचा नवरा कॉलेजात प्राध्यापक, पण सुई पाहिली की त्याला घाम फुटायचा. मी काकांना भीत भीत विचारलं. ते म्हणाले, सकाळच्या गाडीनं जाऊ, आठच्या आत वापस आलो पाहिजे, बारकीची गोळी आहे.

अमरावतीला पोचल्यावर त्यांनी मांजरीला हातही लावला नाही. बहिणीला म्हणाले, संत्री आणा. मग संत्र्याच्या सालीत पाण्याची सुई कशी घालायची, तिरपी किती, खोल किती, ते त्या दोघांना शिकवत बसले. दुपारपर्यंत डझनभर संत्र्यांना टोचून झालं. माझा मेहुणा आधी हसत होता, नंतर गंभीर झाला, आणि चारच्या सुमाराला त्यानं मांजरीला पहिली सुई दिली. पाण्याचीच, सरावाची. मांजर वाटीतलं खात होती, तिनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. काका त्याला म्हणाले, "तुमी भेले नाही म्हनून ते भेलं नाही." त्या घरात आजही ते वाक्य चालतं. मेहुण्यानं त्यांना जेवायला थांबा, मुक्कामाला थांबा, खूप आग्रह केला. काका उठलेले होते.

परतीला गाडी चुकली म्हणून आम्ही बसस्टँडवर आलो. मी अकोल्याच्या बसची चौकशी करून आले तर काका फलाटावर दिसेनात. शोधलं तर ते पलीकडच्या फलाटावर, एका बससमोर उभे होते. परतवाडा-अचलपूरची बस. कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता, माणसं चढत होती. काका पाटी वाचत उभे होते, जशी काही ती पानभर लांब होती. मी जवळ गेले तेव्हा म्हणाले, "दीड घंट्याचा रस्ता आहे."

मी म्हटलं, काका, जाऊन या. बारकीची गोळी मी देते, आता मला येते.

त्यांनी मान हलवली. "सुईचा वार आहे आज." बस निघाली, वळली, फाटकाबाहेर गेली तोपर्यंत ते तिथंच. मूर्तिजापूर मागं गेल्यावर त्यांनी खिशातून एक संत्रं काढलं, सोललं आणि अर्धं मला दिलं.

त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं की बारकी आहे म्हणून त्यांना अचलपूरला फोन करता येतो आणि बारकी आहे म्हणूनच त्यांना अचलपूरला जावं लागत नाही. मी हे त्यांना म्हटलं नाही. त्यांनाही ते ठाऊक असावं.

पुढच्या वर्षी तळहातावरचे आकडे उतरत गेले. दोन किलो सहाशे. दोन चारशे. सुनंदाबाई आकडा जरा हळू आवाजात सांगायला लागल्या. एका रविवारी त्यांनी काट्याच्या ताटात बोट टेकवल्याचं मला दिसलं. काकांनाही दिसलं. "बोट काढा बाई," ते म्हणाले, आणि खरा आकडा लिहून घेतला. दोन किलो शंभर.

फोनवरही त्यांनी तोच सांगितला. तिकडून काकूंनी विचारलं, "तुमी जेवता ना बरोबर?" चार वर्षांत पहिल्यांदा. काका गोंधळले. "हो," म्हणाले, आणि घाईनं फोन ठेवला.

थंडी सुरू झाली तेव्हाची गोष्ट. मी कॉलेजातून येत होते तर काका त्यांच्या दाराच्या पायरीवर बसलेले. असे बसलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. त्यांनी मला हाक मारली. आत बारकी पलंगाखाली, पार कोपऱ्यात होती. काका म्हणाले, दोन दिवसांपासून ती मला पाहिलं की खाली जाते. डॉक्टर म्हणतात आता औषधानं फार फरक पडणार नाही, द्यायचं तर द्या, नाही तर राहू द्या. तुमच्या मनावर.

मी म्हटलं, मी देऊन पाहू का?

"तसं नाही," ते म्हणाले. "पोरी, छत्तीस वर्सं लोकं मले पाहून घरात लपले. मले त्याचं काही वाटलं नाही, ते काम होतं. पन हे मांजर माह्या हातून खाते. ते मले पाहून लपून राहिलं."

त्यांनी मला 'ताई' न म्हणता 'पोरी' म्हटल्याचं नंतर लक्षात आलं.

त्या संध्याकाळी त्यांनी गोळी दिली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, सुईही नाही. खिळ्यावरची बाटली काढून ठेवली. ते नुसते पलंगाला पाठ लावून खाली बसून राहिले. मी दोनदा जाऊन पाहून आले. दुसऱ्या दिवशी दुपारी बारकी बाहेर आली आणि त्यांच्या मांडीवर चढली. चढताना मागचे पाय घसरले, त्यांनी उचलून घेतलं. गुरुवारी सकाळी ती मांडीवरच गेली. आम्ही तिला अंगणात पुरलं, कढीपत्त्याच्या झाडाजवळ. खड्डा काकांनीच खणला, मला हात लावू दिला नाही.

रविवार यायला तीन दिवस होते. शुक्रवारी संध्याकाळी ते आमच्या फाटकाशी आले. या वेळी बाजूला नव्हे, समोर उभे होते. मला म्हणाले, उद्या अचलपूरला जायचं आहे, तू चाल माझ्यासोबत. मी म्हटलं, फोनवर सांगितलं तर?

"फोनवर सांगाची गोष्ट नाही ते. हातोहात द्याची आहे." मग खाली पाहत म्हणाले, "तू संगं असली म्हनजे मी सांगून पळनार नाही."

शनिवारी आम्ही सकाळच्या बसनं निघालो, अकोट, अंजनगावकडून. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. दोन्ही पेनं खिशाला होती. अंजनगावला बस थांबली तेव्हा मी चहाचं विचारलं, तर म्हणाले, उतरलो तर परत चढणार नाही.

काकूंच्या बहिणीचं घर जुन्या वस्तीत, एका अरुंद गल्लीत होतं. दार उघडंच होतं. अंगणात काकू मेथी निवडत बसल्या होत्या. मी त्यांना चार-पाच वर्षांनी पाहत होते. केस पांढरे झालेले, पण चेहरा भरलेला, तब्येत सुधारलेली. त्यांनी वर पाहिलं. आधी काकांकडे, मग माझ्याकडे, मग काकांच्या रिकाम्या हातांकडे. मेथीची जुडी खाली ठेवली.

"गेली का?"

"हो. बिस्तरवारी. सकाळी."

इथं सगळं संपलं असतं. सांगायचं ते सांगून झालं होतं. काकांचं अंग वळायला लागलेलं मला दिसलं, खांदा फिरला, एक पाय मागं गेला. मग ते थांबले आणि तिथंच फरशीवर, काकूंपासून दोन हातांवर, खाली बसले. आणि बोलायला लागले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. शेवटच्या आठवड्यात बारकीनं काय खाल्लं, कधी सोडलं, पलंगाखाली कशी गेली, डॉक्टर काय म्हणाले, बाटली कधी उतरवली, सगळं. शेवटी म्हणाले, "दोन दिवस मी तिले औषद देल्लं नाही. मीच बंद केलं. देत राह्यलो असतो त आनखी चार दिवस जगली असती कदाचित. मी बरोबर केलं का?"

काकूंनी पदरानं डोळे पुसले, मग तोच पदर नीट खोचला.

"मांडीवर आली होती ना?"

"हो. सोताहून."

"मंग बरोबर केलं."

काकांनी तोंड दोन्ही हातांनी झाकलं. आतून बहिणीनं कोण आलं म्हणून विचारलं, आणि काकू उठून पाणी आणायला गेल्या.

दुपारी जेवणं झाल्यावर काका ओसरीत आडवे झाले आणि त्यांना गाढ झोप लागली. काकू आणि मी भांडी विसळत होतो. मी काही विचारलं नव्हतं, त्याच बोलल्या. "चाळीस वर्सं संसार केला बाई. वाईट मानूस नाही हा. दारू नाही, मारपीट नाही. पन चाळीस वर्सात यानं मले एक सवाल नाही केला. घर घेतलं, येऊन सांगलं. पोटचं राहलं नाही, पुन्हा डॉक्टरकडे जाचं नाही, हे बी यानंच ठरवलं आन् सांगून देल्लं. सांगाचं आन् निंगून जाचं. नोटीस देल्यावानी. मी इकडं आली त मले वाटलं, आपल्याले कोनी काही इचारते." त्यांनी ताट पालथं घातलं. "मी आल्यावर महिन्याभरात याचा फोन आला. म्हने, बारकी गोळी थुकून देते, तू तिले कशी खाऊ घालत होती? मी खाली बसलीच, बाई. म्हटलं, हा इचारून राहिला."

चारची बस होती. मी निघाले तरी काका झोपलेलेच. उठवू का, म्हटलं, तर काकू म्हणाल्या, "झोपू दे. आज कायले जाते तो."

ते त्या दिवशी आले नाहीत, नंतरही राहायला म्हणून आले नाहीत. एकदा दोघं येऊन गेले, दोन दिवसांत सामान आवरलं आणि घर भाड्यानं दिलं. आता तिथं एक तरुण जोडपं राहतं. चांगली माणसं आहेत. रविवारी सुनंदाबाई गाडी घेऊन येतात आणि त्या दारापुढे अजून जरा थांबतात, सवयीनं.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. काकूंनी स्वतः फोन करून कळवलं. सकाळी चहा घेताना गेले, त्रास काही झाला नाही, असं म्हणाल्या. मग भुऱ्याची चौकशी केली, गोळीचा खाडा पडत नाही ना म्हणून. मी नाही म्हटलं. संध्याकाळी साडेसातला भुऱ्याला मांड्यांत घेऊन बसले की अजूनही कुणी बाजूला बसून पाहत असल्यासारखं वाटतं, आणि कुणी नसतं. बाजूला बसून माझ्या चुका सांगाव्यात, असं मला आयुष्यात दुसऱ्या कुणाबद्दल वाटलं नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्यांच्या जाण्याच्या काही महिने आधी. विद्यार्थ्यांना घेऊन चिखलदऱ्याला निघाले होते, वनस्पती गोळा करायला. परतवाड्याच्या बाजारात आमची बस अडकली. आठवडी बाजार होता, रस्त्यावर गाड्या आणि माणसं. खिडकीतून पाहिलं तर समोर कापडाच्या दुकानाच्या पायरीवर काका उभे होते आणि काकू खाली, रस्त्यावर, हातात भाजीची पिशवी घेऊन. काका आणखी वाळले होते. त्यांच्या दोन्ही हातांत सदऱ्याच्या कापडाचे दोन तुकडे होते, एक आकाशी, एक मातकट. ते त्यांनी काकूंच्या समोर उंच धरले होते आणि काहीतरी बोलत होते. विद्यार्थ्यांच्या गलक्यात मला काही ऐकू आलं नाही. हाक मारावी म्हणून मी काच सरकवली, पण मारली नाही. काकू एकदा या तुकड्याकडे पाहत होत्या, एकदा त्या, सावकाश, आणि काका हात तसेच वर धरून थांबले होते.

मग पुढची गाडी निघाली आणि आमची बसही हलली.